रा. रा. स्लो जेट यांस, स. न. वि. वि.

रा. रा. स्लो जेट,
मूळ मुक्काम : कार्बोरेटर, फ्लोट चेंबरच्या वर
सध्या वास्तव्य : काड्यापेटी, माझ्या टेबलाचा डावा खण

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, यंदाच्या दसऱ्याला आपण कोल्हापूरच्या भर बिंदू चौकात माझी जी शोभा केलीत, तिचे जाहीर आभार मानायचे राहून गेले होते. तोंडावर बोलावं, तर आपलं तोंड इतकं बारीक की ते शोधायला मला भिंग लागतं. म्हणून हे खुलं पत्र.

वाचकांना आपली ओळख नसेल. असणार कशी? गाडीच्या जाहिरातीत कधी आपला फोटो येत नाही. बोटाच्या एका पेरात मावेल एवढा पितळेचा तुकडा, अंगावर ३८ हा आकडा आणि मधोमध आरपार छिद्र. आकड्याचा अर्थ छिद्राचा व्यास, साधारण ०.३८ मिलिमीटर. डोक्याचे चार-पाच केस शेजारी शेजारी ठेवले तर हा दरवाजा बंद होतो. गाडी जागेवर उभी राहून धुगधुगत असते, तेव्हा तिला लागणारं जवळजवळ सगळं पेट्रोल या दरवाजातून जातं. एवढी मोठी जबाबदारी आणि एवढी लहान खुर्ची. अशा खुर्चीवर बसलेला माणूस कसा वागतो, हे मला सरकारी कचेऱ्यांतून आधी कळायला हवं होतं.

माझी गाडी २००२ सालची. शंभर सीसी, फोर स्ट्रोक, किकवर चालणारी. कंपनीचं नाव घेत नाही. तिचा यात काही दोष नाही. तिनं गाडी चालवायला दिली होती, जिन्याखाली ठेवायला नव्हे. याच गाडीवरून मी निवृत्त होईपर्यंत मंगळवार पेठेतून शाळेत गेलो, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणले, मुलाला क्लासला सोडलं. ती कधी रुसली नाही. मग यंदा पाडव्याला सूनबाईंनी विजेची स्कूटर आणली. किक नाही, धूर नाही, आवाज तर असा की मागून आली तरी मांजरालासुद्धा कळू नये. आधी मी तिला नावं ठेवली. नंतर भाजी आणायला तीच नेऊ लागलो. जुनी गाडी जिन्याखाली गेली, अंगावर जुनी सोलापुरी चादर. येताजाता तिच्याकडे बघून मी म्हणायचो, "रविवारी एक चक्कर मारू." असे पंचवीस-सव्वीस रविवार गेले.

मधे कोल्हापूरचा पावसाळा होऊन गेला. भिंतींना ओल आली, पापडांना बुरशी आली. टाकीत पाऊण लिटर पेट्रोल तसंच होतं आणि खाली, फ्लोट चेंबरच्या छोट्याशा वाटीत, आपण पाय बुडवून बसला होता. त्या सहा महिन्यांत आपण काय काय पचवलंत हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मात्र मला वाटत होतं, गाडी विश्रांती घेतेय.

खंडेनवमीला गाडी बाहेर काढली. धुतली, पुसली, चाकांत हवा भरली. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या चाकापाशी नारळ. सगळं यथासांग. किक मारली. काही नाही. चोक लावून अकरावी किक मारली आणि गाडी सुरू झाली. बायकोनं हात जोडले. मी चोक काढला. गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली. पुन्हा चोक, पुन्हा किक, पुन्हा सुरू. चोक काढला की पुन्हा गप्प. नातू म्हणाला, "आजोबा, तिला हार घातलेला आवडला नाही."

खरं तर त्याच क्षणी आपण पकडले गेला होता. चोक लावला की जिवंत, काढला की मेली, याला गॅरेजच्या भाषेत एकच अर्थ आहे. पण मी गणिताचा शिक्षक. मला वाटलं, गरम झाली की येईल वळणावर. माणसांच्या बाबतीतही मी आयुष्यभर हेच मानत आलो आणि तिथंही फार वेळा खरा ठरलो नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी दसरा चौकात शाही सोहळा असतो, पालख्या येतात, शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायला एकच झुंबड उडते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, हे सोनं म्हणजे आपट्याची पानं. मी चोक लावूनच निघालो. अ‍ॅक्सिलेटर पिळलेला असेतो गाडी तक्रार न करता पळाली, कारण तेव्हा काम आपलं नव्हतं, आपल्या थोरल्या भावाचं, मेन जेटचं होतं. मिरजकर तिकटीला गर्दी लागली, मूठ सैल केली आणि ती मेली. किक. पुन्हा चालू. तिथून बिंदू चौकापर्यंत ती चार वेळा मेली आणि मी तिला चार वेळा उठवली. पाचव्यांदा मात्र चौकाच्या ऐन मध्यावर ती गेली ती गेलीच. मागून कुणी ओरडलं, "ओ काका, बाजूला घ्या की!" एक माजी विद्यार्थी धावत आला आणि त्यानं विचारलं, "सर, पेट्रोल संपलं काय?" या देशात बंद पडलेल्या गाडीला विचारायचा हा एकच प्रश्न आहे. त्याचं उत्तर देता देता मी गाडी ढकलत कडेला नेली, एका बंद दुकानासमोर लावली आणि नवा सदरा घामानं भिजवून चालत दसरा चौक गाठला.

आणि आता मुख्य घाव ऐका. चौकात छत्रपती घराण्याची केशरी मेबॅक आली. १९३६ सालची गाडी. एरवी ती रस्त्यावर सहसा दिसत नाही. दसऱ्याला बाहेर पडते, माणसं माना उंच करून बघतात, पोरं मोबाइल वर धरतात. कमी वेगानं, गर्दीतून वाट काढत, थांबत थांबत ती आली. थांबत थांबत, महाराज! ज्या कामात आपण माझी फजिती केलीत नेमकं तेच काम, आणि तेही नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या गाडीनं. माझी गाडी तिच्या नातीच्या वयाची. तिला एक चौक ओलांडता आला नाही.

घरी येऊन पाहिलं तेव्हा या अपमानाला आणखी एक धार निघाली. कोल्हापूरकर जिला मेबॅक म्हणतात, तिचं नाव मुळात विल्हेल्म मायबाख या जर्मन गृहस्थांचं. गाडी बनवणारी कंपनी त्यांनी १९०९ साली मुलाबरोबर काढली. आणि त्याच्या आधी, १८९३ साली, याच गृहस्थांनी फवाऱ्याचा कार्बोरेटर तयार केला होता. त्याआधीच्या यंत्रांत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेऊन वाफ गोळा करत. मायबाखनी तरंगणाऱ्या फ्लोटनं पेट्रोलची पातळी कायम राखली आणि बारीक छिद्रातून ते हवेत फवारलं. म्हणजे आपले कुलपुरुष! आपल्याच घराण्याचं नाव लावलेली गाडी राजेशाही थाटात चौकात शिरत होती आणि आपण दोन चौक अलीकडे, बंद शटरसमोर, माझ्या गाडीच्या पोटात तोंड मिटून बसला होता. कुळाची काही लाज?

त्यानंतरचे आठ दिवस मी आपल्याशिवाय सगळ्यांवर आळ घेतला, याचं श्रेय मात्र पूर्णपणे आपलं.

पहिला आळ बॅटरीवर. हॉर्न बेडकासारखा वाजत होता, म्हणून नवी बॅटरी घातली. हॉर्न सुधारला. गाडी तशीच. या गाडीची ठिणगी मॅग्नेटोवरून येते, बॅटरी काढून ठेवली तरी ती किकवर सुरू होते, हे बॅटरीचे पैसे दिल्यानंतर कळलं.

दुसरा आळ प्लगवर, आणि इथं आपण खोटा पुरावा ठेवलात. प्लग काढून पाहिला तर काजळीनं काळा. काळा प्लग म्हणजे गाडी पेट्रोल जास्त पिते, एवढं मला माहीत होतं. मी प्लग बदलला आणि शहाणपणानं हवेचा स्क्रू फिरवून मिश्रणातलं पेट्रोल आणखी कमी केलं. आता ती चोक लावूनही धड चालेना. प्लग काळा झाला होता तो मी सारखा चोक लावून चालवत होतो म्हणून. आपण पेट्रोल देत नव्हता, म्हणून मी चोक लावला, चोकनं प्लग काळा केला आणि काळ्या प्लगनं माझी खात्री केली की पेट्रोल जास्त होतंय. चोरानं पोलिसालाच खिडकीबाहेर पहारा द्यायला लावावं, असा प्रकार.

तिसरा आळ पेट्रोलवर, आणि तो निम्मा खरा होता. टाकीचं झाकण उघडलं तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. ते पेट्रोल काढलं, नवं भरलं. काही फरक नाही, कारण जे घडायचं ते खाली आपल्या दारात आधीच घडून गेलं होतं. मग टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक पाहिलं, एअर फिल्टर झटकला, इनटेकच्या रबराला भेगा आहेत का तेही टॉर्च मारून पाहिलं. शेवटी वैतागून रेसचा स्क्रू आत पिळला. गाडी आता बंद पडेना, पण सिग्नलला अशी किंचाळायची की शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "मामा, विमान कुठं उतरवायचं?" चोरी लपली, चोर जागेवरच.

मग गाडी घेऊन उद्यमनगरच्या वाटेवर आमचे एक मेस्त्री आहेत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. हातातला चहा संपवला आणि विचारलं, "सर, चोक लावला की चालती, काढला की मरती?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "स्लो जेट." माझे आठ दिवस आणि हजार-बाराशे रुपये त्या दोन शब्दांत बसले.

मग त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला, वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल एका झाकणात घेतलं. त्याचा रंग मधासारखा आणि तळाला बारीक तांबूस गंज. वाटी उतरवली. आपल्या पितळी अंगावर हिरवट-पिवळा थर. मेस्त्रींच्या पोरानं आपल्याला स्क्रूड्रायव्हरनं बाहेर काढलं आणि मेस्त्रींनी उजेडाकडे धरलं. "बघा, आभाळ दिसतंय?" मला काहीच दिसेना. थोरल्याला धरलं तर त्याच्यातून लख्ख आभाळ.

हे असं का, याचा विचार मी तिथंच स्टुलावर बसून केला. सवय जात नाही. पेट्रोल नुसतं ठेवलं तर त्यातला हलका भाग आधी उडतो आणि उरलेला हवेशी संयोग पावून चिकट डिंक होतो. हा डिंक धाकट्या-थोरल्यात भेदभाव करत नाही, सगळीकडे सारखाच बसतो. धरू या की आतून ०.०५ मिलिमीटरचा थर बसला. थोरल्याचं छिद्र ०.९ मिलिमीटर धरलं तर ते ०.८ होतं आणि त्याच्या वाटेचं क्षेत्रफळ सुमारे ७९ टक्के उरतं. तो ते चालवून घेतो. आपलं ०.३८चं ०.२८ होतं आणि क्षेत्रफळ ५४ टक्क्यांवर येतं. तोच डिंक, तेवढाच थर, आणि आपली निम्मी वाट बंद. आणखी थोडा बसला की सगळीच. इकडे मूठ सोडल्यावर हवेच्या वाटेतली स्लाइड जवळजवळ मिटलेली, मागून इंजिन हवा ओढतंय आणि त्या ओढीला पेट्रोल देणारे फक्त आपण. आपण दिलं नाही की हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि उचकी. चोक लावला की हवाच अडते, ओढ इतकी वाढते की थोरल्याकडूनही पेट्रोल खेचलं जातं आणि गाडी जगते. किती साधं आहे! वर्गात मी हे दहा मिनिटांत समजावलं असतं. स्वतःला समजायला आठ दिवस लागले.

मेस्त्रींनी कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारला, जुन्या वायरीतली तांब्याची एक तार सोलून हळूच आरपार घातली, हवेच्या पाइपनं फुंकलं. पुन्हा उजेडाकडे धरलं. आता टाचणीच्या टोकाएवढं आभाळ दिसलं. सगळं बसवलं, मी बिघडवलेले दोन्ही स्क्रू जागेवर आणले, किक मारली. दुसऱ्या किकला सुरू. चोक काढला. गाडी आपली टुकुटुकु चालत राहिली, जणू मधले सहा महिने झालेच नाहीत.

मग मेस्त्रींनी हात पुसत विचारलं, "सर, गाडी उभी करताना कॉक बंद केलासा का?"

इथं आपल्याला हसू आलं असेल. येऊ द्या. कॉक मी बंद केला नव्हता. एकवीस-बावीस वर्षांत कधीच केला नव्हता, कारण गाडी कधी उभीच राहायची नाही. कॉक बंद करून गाडी तशीच चालू ठेवायची, वाटीतलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडली की आत डिंक व्हायला काही उरत नाही. टाकी अर्धवट न ठेवता भरून ठेवायची, म्हणजे आतल्या मोकळ्या पत्र्याला दमट हवा लागून गंज चढत नाही. पाच मिनिटांचं काम. पण ते मला कुणी सांगितलं नाही, असं मी मेस्त्रींना म्हणालो. ते म्हणाले, "पुस्तकात असतंय की." गाडीचं पुस्तक कपाटात आहे. मुलांना मी आयुष्यभर सांगत आलो, आधी पुस्तक वाचा.

तरीही आपली बाजू घेणारे भेटले. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "जेटला कशाला बोल लावता? दोष इथेनॉलचा." आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात आणि त्यातलं काही उसातून येतं; म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या शिवारातला ऊस माझ्या टाकीत आला असायची शक्यता आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, हे खरं. पाणी फार झालं तर ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि कॉकची तोटी तळाशीच असते. हेही खरं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात सहा महिने उघडझाप न झालेली टाकी म्हणजे या नाटकाला आयतं रंगमंदिर. पण मेस्त्री म्हणतात, इथेनॉलचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाही पावसाळ्यानंतर जेट अशीच तुंबून यायची. तेव्हा शिक्षेत सूट मिळणार नाही.

इथवर आपली बदनामी झाली. आता माझी.

दहा-बारा दिवस गाडी उत्तम चालली. मग टाकीतला उरलेला गंज खाली आला आणि आपण पुन्हा तोंड मिटलंत. मेस्त्रींकडे जायला मला लाज वाटली. शिवाय आता मला सगळं येत होतं. दोन किलोमीटर गाडी ढकलण्यापेक्षा अंगणात वर्तमानपत्र पसरलं, वाटी उतरवली, आपल्याला बाहेर काढलं. तांब्याची तार सापडेना. बायकोच्या शिवणाच्या डब्यात सुई होती. पोलादाची, टोकदार. मी ती आपल्या तोंडात घातली आणि अडली तशी थोडी फिरवली. पितळ मऊ असतं, पोलाद कठीण, हा धडा शाळेतल्या विज्ञानात असतो; मी गणित शिकवायचो.

आभाळ दिसलं. भरपूर दिसलं. गाडी सुरू झाली, चोकशिवाय टिकलीसुद्धा, पण काळा धूर सोडू लागली आणि आठवड्यात पेट्रोलचा काटा असा घसरला की मला वाटलं टाकी गळतेय. मेस्त्रींनी आपल्याला भिंगाखाली धरलं, मग माझ्याकडे पाहिलं. बोलले काही नाहीत. पोराला म्हणाले, "नवीन अडतीस काढ." जाताना आपल्याला कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवलं, "सर, आठवण."

म्हणून आपण काड्यापेटीत आहात. आपली पेन्शन मंजूर करायची की नाही यावर अजून विचार चालू आहे. तसे आपल्या खात्याचे दिवस भरलेच आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. आता तिथं इंजेक्शन, सेन्सर आणि एक लहानसा संगणक. तो बंद पडला तर मेस्त्री चहा संपवून दोन शब्दांत सांगू शकत नाहीत, लॅपटॉप जोडावा लागतो. मेस्त्रींच्या पोराला कार्बोरेटर उघडता येतो, पण त्याच्या पाठच्या पोरांना शिकायचं कारण उरणार नाही. त्या दिवशी स्टुलावर बसून मेस्त्रींकडून हे ऐकताना मला आपल्याविषयी क्षणभर काहीतरी वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही. बिंदू चौक आठवला.

शनिवारी सकाळी गाडी काढून रंकाळ्याला एक फेरी मारतो. तिथं एका बाजूला थांबतो, मूठ सोडतो आणि तिला तशीच धुगधुगू देतो. बायको म्हणते, पेट्रोल कशाला जाळता? तिला काय सांगू, हा आवाज ऐकायलाच तर इतक्या लांब आलोय.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

आपला नाइलाजाने,
गाडीमालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : आपल्या जागी आलेल्या नव्या साहेबांना आपल्याविषयी मी काही सांगितलेलं नाही. सुईचा डबा मात्र बायकोनं वरच्या फळीवर हलवला आहे.